कोरड्या चाकाचा हिवाळा

तुरीच्या शेंगा भरू लागल्या, सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघू लागली, की मला पाण्याची आठवण येते. आमच्या भागात माणसाला पाणी आठवायचं ते चैत्र-वैशाखात, रिकामा हंडा डोक्यावर आल्यावर. माझं उलटं आहे. मला आठवतं ते भर थंडीतलं पाणी, साखऱ्याच्या पाझर तलावातलं, सकाळी आठच्या सुमाराचं. वारा अजून उठलेला नसतो. करडईचे काटे कोवळे असतात, हरभऱ्याच्या पानांवरची आंबट ओल, आंब, पायांना लागते, आणि तलाव असा निवांत पडलेला असतो की त्यात खडा टाकायला जीव होत नाही. यंदाही रजा काढून गावी आले आणि सामान ओसरीवर टाकून आधी तलावाकडे निघाले. माय मागून ओरडली, "चहा तरी पी! तलाव कुठं पळून जाऊन राहिला व्हय?"

मी समुद्रकाठच्या एका संस्थेत काम करते. तिथं एका लांबच लांब शेडमध्ये तेवढाच लांब हौद आहे. त्यात जहाजांच्या प्रतिकृती ओढायच्या आणि त्यांच्यामागे उठणाऱ्या लाटा मोजायच्या, हा माझा धंदा. ऐकणाऱ्याला हा लेकरांचा खेळ वाटतो. पण जहाज जे तेल जाळतं त्यातलं बरंचसं नुसतं पाणी उचलून बाजूला सारण्यात जातं, आणि ते उचललेलं पाणी म्हणजेच लाट. लाट लहान करता आली तर तेल वाचतं, काठ वाचतो, शेजारून जाणारी होडी वाचते. पाहुण्यांना मी हे सांगते, ते मान डोलावतात, आणि मग ठरलेला प्रश्न येतो, "तुम्ही मूळच्या कोकणातल्या का?" मी म्हणते, "नाही, हिंगोलीकडची." यावर समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. मला तो चेहरा फार आवडतो. म्हणून थोडं थांबून मी "तालुका सेनगाव" असंही जोडते.

मी सांगतेय तो हिवाळा हिंगोली जिल्हा व्हायच्या आधीचा शेवटचा. पुढच्या उन्हाळ्यात हिंगोली परभणीतून वेगळी निघाली आणि त्याच उन्हाळ्यात मीही घरातून निघाले. दोघींचं एकदमच मार्गी लागलं, असं मी थट्टेनं म्हणते. पण थंडी पडली तेव्हा माझं काहीच मार्गी लागलेलं नव्हतं. पदार्थविज्ञानाची मोठी पदवी घेऊन मी घरी ज्वारी निवडत बसले होते. एका संशोधकाच्या जागेसाठी मुलाखत देऊन आले होते आणि ती आठवली की कान गरम होत होते.

मुलाखतीला तीन साहेब होते. मधले चष्म्याच्या वरून बघणारे. त्यांनी विचारलं, "तुमच्या भागात समुद्र नाही. जहाज पाहिलंय कधी?" मी म्हणाले, "नाही." "मग लाटा कुठं पाहिल्या?" मी म्हणाले, "तलावात." तिघंही हसले. वाईट हसले असं नाही, पण हसले. मला हसलेलं सोसत नाही, लहानपणापासूनची खोड आहे. मी तावातावानं सांगितलं की आमच्या तलावात टिबुकली पोहते तेव्हा तिच्यामागे लाटांची पाचर उमटते, आणि मोठ्या जहाजामागे उमटते तीही तशीच, त्याच कोनाची. टिबुकली म्हणजे मुठीएवढा पाणपक्षी. मधले साहेब म्हणाले, "हे पुस्तकात आहे. पुस्तक आम्हीही वाचलंय. तुम्ही मोजलंय का?"

नव्हतं मोजलं. खोटं बोलता आलं असतं, पण ते सुचेपर्यंत चेहऱ्यानं खरं सांगून टाकलं होतं.

"मग मोजून आणा," ते म्हणाले. "फेब्रुवारीच्या अखेरीस पुन्हा बोलावू."

घरी वाशिमकडचं एक स्थळ आलेलं होतं. मुलगा चांगला होता, माणसं चांगली होती, खोट काढायला कुठं जागाच नव्हती, आणि हीच मोठी तकलीफ होती. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई. कमी बोलणारे, पण बोलले की ते घंटा वाजल्यासारखं. पुन्हा विचारायचं नाही. त्यांनी पाहुण्यांकडून मुदत मागून घेतली आणि मला सांगितलं, "एक हिवाळा देऊन राहिलो तुला. जमलं तर जा, मी आडवा येणार न्हाई. न्हाई जमलं, तर मंग तोंड वाकडं करायचं न्हाई." मी "व्हय" म्हणाले. त्या एका 'व्हय'च्या एका बाजूला माझं सगळं आयुष्य होतं आणि दुसऱ्या बाजूला कोणाच्या तरी घरचं. मध्ये एक कोन होता, जो अजून मोजायचा होता.

नाव करायला पांगाऱ्याचं हलकं लाकूड घेतलं. हातभर लांबीची नाव मी स्वतःच तासली, वरून मेण चोळलं, बुडाला खिळे ठोकून वजन बसवलं. ती सरळ तरंगली तेव्हा मला एवढा आनंद झाला की मी तिला ओढणीखाली झाकून घरी आणलं. पण नाव ओढायची कशी? हातानं ओढली तर हिसके बसतात. एकसारखी ओढ हवी. ती देतो पडणारा दगड. तलावाला पाणी वाहून जाण्यासाठी सांडवा असतो, दगडी भिंत. तिच्या एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला दोन पुरुष खोल कोरडा खड्डा. भिंतीवर चाक बसवायचं, त्यावरून दोर टाकायचा, एका टोकाला नाव, दुसऱ्या टोकाला दगड. दगड खड्ड्यात उतरत जाईल आणि नाव पाण्यातून भिंतीकडे येत जाईल. कागदावर हे सगळं फार सोपं होतं. चाक मात्र नव्हतं.

चाक नागोराव मामांकडे होतं. मामा मेंढपाळ, गावात सर्वात जास्त मेंढरं त्यांची, रोज तलावावर पाण्याला येणारी. थोडी शेतीही होती. विहिरीवर विजेची मोटर बसली तेव्हा बैलांची मोट बंद झाली आणि मोटेचं लाकडी चाक गोठ्याच्या भिंतीवर जाऊन टांगलं. पोळ्याला बैलांबरोबर त्या चाकालाही हळदकुंकू लागायचं. मी मागितलं तेव्हा मामांनी आधी मला, मग मायला, मग चाकाला नीट न्याहाळलं.

"चाक देतो, बाई," ते म्हणाले, "पण चालवीन मीच. दुसऱ्याच्या हातचं न्हाई ऐकत ते."

असा आमचा तिघांचा कारखाना उभा राहिला. मामा चाकावर. माय गुडघाभर पाण्यात, नाव मागच्या दोरीनं पुन्हा जागेवर नेऊन ठेवायला. आणि मी बाभळीवर. ही बाभूळ तलाव भरला की अर्धी पाण्यात उभी राहते आणि तिची एक फांदी बरोबर नावेच्या वाटेवर आडवी येते. तिथून सरळ खाली पाहून फोटो काढता येत होता. कॅमेरा सेनगावच्या फोटोवाल्याकडून मागून आणलेला. बाभळीचे काटे कुठं कुठं लागले ते सांगत नाही. बांधावरून जाणारी माणसं थांबायची आणि विचारायची, "काहून गं, एम्मेस्सी झाल्यावर झाडावर चढावं लागते का?" माय खालून उत्तर द्यायची, "व्हय! तुमचं पोरगं धाडा, त्यालाबी चढवतो." माझ्या जन्माआधीच्या दुष्काळात हा बांध झाला तेव्हा मायनं त्यावर माती वाहिली होती. "ह्या बांधात माझ्या डोईवरल्या पाट्या हायेत," असं ती म्हणायची, आणि म्हणूनच तलावावर तिला कोणी काही बोललेलं चालायचं नाही.

पहिल्या दिवशी पाचर उमटली. मामांनीच पहिल्यांदा पाहिली. नांगरात ठोकतात ती पाचर त्यांनी आयुष्यभर हाताळलेली. ते भिंतीवरून वाकून म्हणाले, "बराबर पाचरच हाय की!" मी एक रोल भरून फोटो काढले आणि धुवायला हिंगोलीला पाठवले. आठ दिवसांनी फोटो आले. पहिल्या दोन-तीन फोटोंत पाचर होती. पुढच्यात ती पुसट होत गेली, आणि शेवटच्यांत तर पाटी ओल्या बोळ्यानं पुसावी तशी पाण्यावर नुसती झाक होती. कोन मोजायला कडच सापडेना. मी म्हटलं, नाव बिघडली. नाव पुन्हा तासली. दगड बदलला. जागा जराशी हलवली. रोज सकाळी पाचर थोडी उमटायची आणि पाच-सहा फेऱ्यांत विरून जायची. संक्रांत आली, तिळगूळ झाला, वाशिमकडून निरोप येऊन गेला. मी रात्री जेवायची नाही. माय म्हणायची, "पाण्यानं काही वाईट केलं का आपलं? जेव." मला वाटत होतं, पुस्तकातलं खरं असेल, पण ते माझ्या तलावाला लागू नसेल. साहेब हसले ते बरोबरच हसले.

शहाणपण शेवटी मेंढरांनी शिकवलं. एका सकाळी मामा तलावावर आले ते तणतणतच.

"काय टाकून राहिली गं तू पाण्यात?" त्यांनी विचारलं. "चार दिस झाले, मेंढरं ह्या कोपऱ्यातलं पाणी नाकानं हुंगतेत अन् मागं फिरतेत. तिकडं लांब जाऊन पितेत. तुझ्या नावेला काय औषध लावलं?"

"मेण लावलंय, मामा. मेणाला वास नसतो."

"मंग काय हाय?"

मी वाकले, हात पाण्यात घातला आणि हाताला तुकतुकीत काहीतरी लागलं. वास घेतला. करडईचं तेल. मी वर पाहिलं. मामा चाकाशेजारी उभे होते आणि त्यांच्या हातात तेलाची बाटली होती. मोट हाकायची तेव्हा मामा रोज पहाटे पहिलं काम हे करायचे: चाकाच्या कण्याला तेल. तेल दिल्याबिगर चाक फिरवणं म्हणजे उपाशी बैल जुंपणं. इथंही ते रोज, मी बाभळीवर चढेपर्यंत, न सांगता, मायेनं, भरपूर तेल घालत होते. तेल कण्यावरून दोरावर येत होतं, दोर माघारी गेला की पाण्यात उतरत होतं, आणि तेलाचा तवंग बारीक बारीक लाटा जागच्या जागी निजवत होता. तेल पाण्याला शांत करतं हे मला पुस्तकातून माहीत होतं. तीन आठवडे डोळ्यांसमोर घडत होतं आणि मला दिसलं नव्हतं. मेंढरांना कळलं होतं. मी भिंतीवर बसले आणि हसू लागले, आणि हसता हसता रडू लागले, कारण खोट माझ्यात नव्हती, तलावात नव्हती, पुस्तकातही नव्हती.

मामांना मात्र हसू येत नव्हतं. त्यांना वाटलं, आपण पोरीचा हिवाळा घालवला. ते खांद्यावरची घोंगडी काढून पाण्यात उतरले. कच्च्या लोकरीची काळी घोंगडी, वर्षानुवर्षांची. ती पाण्यावर पसरून त्यांनी कोपऱ्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. लोकर तेल पिते, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. तीन वेळा ओढली, पिळली, पुन्हा ओढली. थंडीनं त्यांचे ओठ निळे पडले होते. माय म्हणाली, "भाऊ, पुरे." ते म्हणाले, "मेंढरू पाणी पिऊ दे, मंग पुरे." दुसऱ्या दिवशी एक म्हातारी मेंढी त्या कोपऱ्यात आली, तिनं हुंगलं, आणि प्यायली. आम्ही तिघं श्वास रोखून तिच्याकडे पाहत होतो. मी आयुष्यात अनेक उपकरणं वापरली, त्यांतलं सर्वात खात्रीचं हेच.

मग नवा दोर आणला आणि चाक कोरडंच ठेवायचं ठरलं. कोरडं मोटेचं चाक जे कुरकुरतं ते ज्यानं ऐकलंय त्यालाच कळेल. अर्ध्या मैलावरून ऐकू जायचं. "चाक रडून राहिलं, बाई," मामा म्हणायचे, आणि शेवटी त्यांनी कानात लोकरीचे बोळे घातले. त्यात आणखी एक घोळ. कोरड्या चाकामुळे नाव कधी जोरात यायची, कधी रडतखडत. एकसारखा वेग गेला, एवढ्या खटपटीनं मिळवलेला. मी हताश होऊन कपाळाला हात लावणार होते, तेवढ्यात वरून खाली पाहिलं आणि पाहतच राहिले. नाव जोरात आली, पाचर उमटली. नाव हळू आली, पाचर उमटली. जोरातल्या पाचरीच्या लाटा लांब, हळूच्या आखूड. पण पाचर तेवढीच! उघडलेला चिमटा जसाच्या तसा! वेग बदलू नये म्हणून मी जीव टाकत होते, आणि नियमाची सगळी गंमत तर वेग बदलल्यावरच दिसणार होती. मी फांदीवरून एवढ्या जोरात ओरडले की टिबुकल्या बुडी मारून गडप झाल्या आणि माझी ओढणी काट्याला अडकून फाटली. "काय झालं?" माय घाबरून म्हणाली. "जमलं, माय! जमलं!" ती पाण्यातच मटकन बसली.

दुसरा रोल धुऊन आला. घरात कागद पसरायला जागा नव्हती म्हणून आम्ही गावातल्या विहाराच्या गार फरशीवर फोटो मांडले. मी कोनमापक ठेवत गेले, बाबा शाळेतून आणलेल्या खडूनं आकडे मांडत गेले. अडतीस. एकोणचाळीस. एकोणचाळीस. चाळीस. एकोणचाळीस. एका फोटोत योगायोगानं टिबुकलीच सापडली होती. तीही एकोणचाळीसच्या आसपास. बाबा उठले, फरशीवर मांडलेली ती रांग त्यांनी एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहिली आणि म्हणाले, "वाशिमला मी पत्र लिहितो." साहेबांचा निकाल यायचा होता, पण बाबांचा लागला होता.

आता संस्थेत नवी पोरं येतात, संगणकावर लाटा काढतात, रंगीत आणि सुंदर. मी त्यांना विचारते, वेग बदलला तर कोन का बदलत नाही? ती सूत्र लिहितात. सूत्र बरोबर असतं. मी सांगते, लांब लाट जोरात पळते आणि आखूड लाट हळू. नाव जोरात गेली की तिच्याबरोबर पळू शकेल अशी लांब लाट उठते, हळू गेली की आखूड. लाटा बदलतात, पण त्यांची एकमेकींशी मांडणी तीच राहते. उथळ पाण्यात किंवा फार सुसाट गेलं तर गोष्ट वेगळी, पण खोल पाण्यात टिबुकलीला आणि जहाजाला कायदा एकच. हे सांगताना माझा आवाज चढतो. मला असा कायदा आवडतो, जो पक्ष्याचा आकार विचारत नाही आणि जहाजाचा देश विचारत नाही. पोरं आपसांत म्हणतात, मॅडम पुन्हा तलावात गेल्या. खरंच गेलेली असते. मामा आता थकलेत, मेंढरं मुलाकडे दिलीत. मी गेले की एकच विचारतात, तुमच्या तिकडल्या हौदाच्या चाकाला तेल कोण देतं?

त्या फेब्रुवारीत दुसऱ्या मुलाखतीला मी तेव्हाच्या छोट्या रुळांच्या गाडीनं हिंगोलीहून निघाले. मधल्या साहेबांनी फोटो पाहिले, स्वतःच्या खिशातला कोनमापक काढून तपासले. "नावेचा वेग किती ठेवला होता?" त्यांनी विचारलं. "दर वेळी वेगळा. चाक कोरडं होतं," मी म्हणाले. "कोरडं का?" मग मला सगळंच सांगावं लागलं. पहिला रोल काढून मांडला, पुसट पाचरी दाखवल्या, तेल सांगितलं, मेंढरं सांगितली, घोंगडी सांगितली. मधले साहेब हसले नाहीत. बाजूचे एक साहेब हसू लागले तर त्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं. पुसट फोटोंकडे ते चांगल्या फोटोंपेक्षा जास्त वेळ बघत राहिले. मग विचारलं, "रुजू केव्हा होऊ शकता?"

मला सोडायला माय आली. बाबांना शाळेतून सुटी मिळाली नाही. संस्थेत हजर व्हायला एक दिवस होता, म्हणून आम्ही आधी बंदराकडे गेलो. मायनं समुद्र पाहिला आणि म्हणाली, "पाणी लई हाय, पण मेंढराच्या कामाचं न्हाई." तेवढ्यात एक मोठं मालवाहू जहाज बंदरातून बाहेर निघालं. मी आयुष्यात पाहिलेलं पहिलं जहाज. आमचं अख्खं गाव त्याच्या पोटात मावलं असतं. ते संथ चाललं होतं आणि त्याच्यामागे, दोन्ही अंगांना, पार काठाकडे उघडत येणारी पाचर. मी दोन्ही हात पुढे धरून डोळ्यांनी कोन मोजला, पुन्हा मोजला. मायनं विचारलं, "तेच?" मी मान डोलावली. तिनं पदरानं आधी माझे डोळे पुसले, मग स्वतःचे.

आमचं हे असं हात पसरून उभं राहणं पाहून पहाऱ्यावरचा एक जवान जवळ आला. म्हणाला, "अम्मा, कहाँ से आए? यहाँ क्या कर रहे हो?"

"साखऱ्याहून आलो," माय म्हणाली. "ही माझी लेक. जहाजाच्या लाटा मोजायला ठेवलं तिला इथं, सरकारानं."

जवान हसला. "साखरा? वहाँ समंदर है क्या?"

मायनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "न्हाई," ती म्हणाली. "काहून? लागते काय?"